बाबांची तारीख आणि बाबांचं लायसन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या वॉरंटचा आणि निलंबित लायसनचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहून पाठवतेय. उभी हयात टपालखात्यात गेलेला माणूस आलेलं पत्र न वाचता बाजूला ठेवणार नाही, एवढा भरवसा आहे.

बाबा, आधी त्या वॉरंटचं. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरी हवालदार कागद घेऊन आला आणि गल्लीभर झालं, याचं तुम्हाला जास्त लागलंय हे मला कळतं. पण तो कागद जामीनपात्र वॉरंटचा आहे. म्हणजे जामीन लिहून दिला की सोडावंच लागतं, तो तुमचा हक्क आहे. कोर्टाला तुम्ही समोर हवे आहात, बाकी काही नाही. आपण स्वतःहून हजर झालो तर पुन्हा कोणी दारात येण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट असंच टाळत राहिलो तर पुढचं वॉरंट अजामीनपात्र निघू शकतं. मग मात्र गल्लीत खरंच बोलायला विषय होईल.

हे सगळं मी वकिलांशी बोलून लिहितेय. समन्सवर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा ओळख क्रमांक, होता. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला तर आपली केस, मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख, सगळं दिसलं. चलन दसरा चौकातलं. "मी सिग्नल तोडलेला नाही, पैसे भरणार नाही, कोर्टात सांगीन," असं तुम्ही म्हणालात, आणि तसं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. चलन भरलं की प्रकरण तडजोडीत मिटतं आणि नाही भरलं की कोर्टात जातं, एवढा साधा हिशोब आहे. तसं ते गेलं. फक्त कोर्टाने समन्स पाठवलं शिवाजी पेठेतल्या जुन्या घरी, आणि तुम्ही फुलेवाडीत. गाडीच्या आरसी बुकवर जुना पत्ता, लायसनवरही जुनाच. पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं ४९वं कलम सांगतं. पत्ता चुकीचा असला की टपालाचं काय होतं हे तुम्हाला मी काय सांगणार!

आणि आई, शेजारच्या काकूंनी दिलेली ती दोन पाकिटं तू कपाटातल्या कागदाखाली सरकवून ठेवलीस, कारण यांचं बीपी वाढेल. त्यातलं एक समन्स होतं, दुसरं आरटीओचं. मी रागावलेले नाही. पण यापुढे अशोकस्तंभाचा शिक्का दिसला की पहिला फोटो मला पाठवायचा, बीपीची गोळी नंतर.

आता मुख्य मुद्दा. बाबा, तुमच्या डोक्यात हे एकच लफडं आहे. ती दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध तुम्हाला वाटतो तेवढा नाही. एक कोर्टाचं, एक आरटीओचं. कोर्टात दंड भरून मोकळं झालात म्हणून लायसन आपोआप चालू होत नाही. आणि निलंबनाचे तीन महिने उलटले म्हणून कोर्टातली केस आपोआप मिटत नाही.

कोर्टाचं आधी. शुक्रवारी वकील वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतील. त्यासोबत फुलेवाडीच्या फ्लॅटचं लाइट बिल, आधार कार्ड आणि समन्स जुन्या पत्त्यावर गेलं हे सांगणारं तुमचं प्रतिज्ञापत्र. वकीलपत्रावर तुमची सही लागेल, म्हणून वकील गुरुवारी घरी येऊन जातील. त्यांना आग्रह करकरून मिसळ खायला घालू नका, त्यांना पुढे जायचं असतं. न्यायाधीशांनी विचारलं तर जे घडलं तेच दोन वाक्यांत सांगायचं. कॅमेऱ्यांवर आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर भाषण नको.

आणि कृपा करून सवयीने सीपीआर हॉस्पिटलसमोर जाऊ नका. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला जाऊन किती वर्षं झाली, तरी तुमच्या तोंडी "कोर्ट" म्हणजे ती जुनी इमारत. तिथं आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, भरतं, कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं. त्या खंडपीठासाठी वकिलांच्या मोर्चात तुम्ही बिनकामाचे जाऊन उभे राहायचात, ते आठवतं. मागणी चाळीसेक वर्षांची होती. कोर्ट दारात यावं म्हणून घसा कोरडा केलेला माणूस स्वतःच्या तारखेला घाबरतो, हे मला काही पटत नाही.

गुन्हा कबूल करायचा की लढायचं, हे तुम्ही ठरवा. मी चलनाचा फोटो वेबसाइटवरून उतरवून मोठा करून पाहिला. सिग्नल लाल आहे. तुमचं पुढचं चाक झेब्राच्या पट्ट्यांवर आहे, मागचं अजून पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. मागे आई बसलीय, एका हातात लक्ष्मीपुरीतल्या भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने तुमचा खांदा धरलेला. आणि तुमचा डावा पाय जमिनीवर टेकलेला आहे! चालत्या गाडीवर कोणी पाय टेकत नाही. मागून केएमटीची बस रेटत होती म्हणून पुढे सरकलो, असं तुम्ही म्हणता, ते या फोटोशी जुळतं. रेषा ओलांडली हे खरं, पण सिग्नल तोडून गेलात असं निदान या एका फोटोत तरी मला दिसत नाही.

म्हणून केस कोणत्या कलमाखाली आहे ते वाचल्याशिवाय मान हलवायची नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं १८४व्या कलमात, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला दंड १००० ते ५००० रुपये, आणि कायद्यात सहा महिने ते एक वर्ष कैदही लिहिलेली आहे. साध्या नियमभंगाचं १७७वं कलम असेल तर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंतच दंड. फरक नुसत्या पैशांचा नाही. लढायचं ठरवलं तर पुन्हा तारखा पडतील, ज्याने चलन केलं त्याची साक्ष होईल, तुम्हाला बावड्याच्या फेऱ्या पडतील. वकील म्हणतात, मिटवून टाका. माझं मत विचाराल तर कलम हलकं असेल तर दंड भरून मोकळे व्हा. १८४ असेल तर फोटो न्यायाधीशांसमोर ठेवा. पाय टेकलेला माणूस धोकादायक वाहन चालवत होता हे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

रंकाळ्याच्या कट्ट्यावरची मंडळी तुम्हाला "लोकअदालतीत जा, निम्म्यात मिटतं" असं सांगतात. मिटतं, खोटं नाही. चलनाची नोटीस लोकअदालतीची असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर तेवढ्यासाठी कोणी वॉरंट काढत नाही. प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं, इतकंच. तुमचं प्रकरण त्याच्या पुढे आलंय. आधी वॉरंट रद्द, मग वाटलं तर लोकअदालत. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हेही त्या मंडळींना विचारा, माहीत आहे का ते.

आता लायसन. दुसऱ्या पाकिटात आधी कारणे दाखवा नोटीस होती आणि मग तीन महिन्यांसाठी लायसन निलंबित केल्याचा आदेश. एकोणिसाव्या कलमाखाली आरटीओला तो अधिकार आहे, पण आधी तुमचं म्हणणं ऐकायची संधी द्यावी लागते. ती त्यांनी दिली, जुन्या पत्त्यावर दिली. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. मुदत अजून आहे, पण तीन महिन्यांसाठी अपील करत बसण्यात मला राम दिसत नाही. अपील ऐकलं जाईपर्यंत तीन महिने निघून जातील. वकिलांना वेगळं वाटत असेल तर त्यांचं ऐका.

तुम्ही फोनवर एकदा म्हणालात, "लायसन माझ्या पाकिटात आहे की!" बाबा, कार्ड पाकिटात आहे, लायसन निलंबित आहे. आदेशानुसार ते आरटीओत जमा करायचंय. जमा केल्याची पोच घ्यायची, तिची झेरॉक्स काढायची, आणि आदेशात मुदत कधीपासून कधीपर्यंत धरलीय ते पेनाने खूण करून ठेवायचं. मुदत संपल्यावर परत मिळण्यासाठी चालकांचा उजळणी वर्ग करावा लागतो, असं कायद्यात आता घातलंय. तो कुठे करायचा ते लायसन जमा करतानाच विचारून घेऊ. त्याच खेपेला पत्ता आणि मोबाइल नंबर दोन्ही बदलून टाकू, गाडीचाही आणि लायसनचाही. लायसनला जोडलेला नंबर अजून तुमच्या त्या जुन्या बटणांच्या फोनचा आहे. मेसेज येणार कुठून?

कट्ट्यावरच्या ओळखीतला तो एजंट "काका, दोन दिवसांत चालू करून देतो" म्हणाला, असं आई सांगत होती. त्याला एक रुपया देऊ नका. निलंबन त्याच्या हातात नाही, तुमच्याकडून पैसे घेणं तेवढं आहे.

तोवर स्कूटर बंद. यावर मला चर्चा नको. निलंबित लायसनवर गाडी चालवली तर १८२व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देईलही, पण मग ती तुमच्याकडून वसूल करू शकते. गंगावेशला दूध कट्ट्यावर जायचं तर रिक्षा करा, केएमटी आहे, किंवा खालच्या मजल्यावरच्या मुलाला सांगा, तो तसाही रोज तिकडेच जातो. "फुलेवाडी ते रंकाळा एवढंच तर जायचंय" हे वाक्य मला ऐकवू नका. पकडणारा किलोमीटर मोजत नाही.

आई, एक तुझ्यासाठी. तुझ्या व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, आलीय, तू मला ती पुढे ढकललीस. ती उघडू नकोस, पुसून टाक. त्यातून बँकेचे पैसे जातात. खरं चलन आहे का हे बघायचं तर महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या चलनाच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. मी आत्ताच पाहिलं, बाबांच्या गाडीवर दुसरं काही थकलेलं नाही. बाबा, याबद्दल शाबासकी.

अजून एक, ते लिहू की नको असं होत होतं. पंचावन्नच्या पुढे लायसनचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, आणि त्याला फॉर्म एक-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. तुमचं पुढच्या वर्षी संपतंय. संपल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर ठीक, त्यानंतर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, असं तुम्ही एकदा बोलून गेलात आणि मग विषय बदललात. डॉक्टरांना ते सांगा. डॉक्टर सही करतील तर मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांच्यापासून ते लपवून सही घ्यायची नाही. दिवसा चालवायची, रात्री नाही, असाही मार्ग निघू शकतो. स्कूटर विका असं मी म्हटलेलं नाही, आणि दादाच्या मनातही तसं नाही. त्याला मी विचारलंय.

शुक्रवारी सकाळी दहाला घरातून निघायचं. पिवळ्या फाइलमध्ये समन्स, आदेश, आरसी, विमा, लाइट बिल, आधार आणि फोटोची प्रिंट. प्रिंट मी आणते, इथे रंगीत चांगली निघते. गोळी खाऊन निघा, तिथे नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आईने यायची गरज नाही. पण फोटोत ती आहे, त्यामुळे ती येणारच म्हणेल, तर येऊ दे.

मी गुरुवारी रात्रीच्या एसटीने येते. स्टँडवर घ्यायला येऊ नका, मी रिक्षाने येईन.

तुमची लेक