नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना
पोरीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज बदलला, भावाचाच मॅरो जुळला, पण नंतर जीव्हीएचडी सुरू झालं म्हणजे भावाच्या पेशी तिच्याच कातडीवर अन् आतड्यांवर उलटल्या. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, सारख्या खाली. त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, जास्त दिवस साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दरवेळी नवा माणूस लागायचा आणि चाळीसगाव, पाचोरा, भुसावळकडची पोरं रात्रीच्या गाडीने मुंबईला यायची, प्लेटलेट द्यायला तास-दीड तास मशीनला हात देऊन बसायची अन् नावही न सांगता निघून जायची. कोण करतं हो एवढं? दादांनो, मनापासून आभार! पोरीचे जुलाब आता कमी झालेत, कळण्याची भाकरी मागते, डॉक्टर अजून नाही म्हणतात. आणि उकळलेलं पाणी, मऊ खिचडी रोज पाठवणाऱ्या मावशी, तुमचेही खूप खूप आभार.