आयातशुल्क लावा, पण मुदतीसह

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आयातशुल्काचा विषय निघाला की चर्चा ‘देशी उद्योग वाचवा’ आणि ‘बाजार खुला ठेवा’ या दोन टोकांवर अडकते. संरक्षण कोणत्या अटीवर द्यायचे आणि ते कधी काढून घ्यायचे, हा कळीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

नवा उद्योग पहिल्याच दिवशी प्रस्थापित परदेशी कंपन्यांसमोर उभा केला तर तो तगणे कठीण, हा मुद्दा अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1791 मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे मांडला होता आणि तो आजही खोडून काढता येत नाही. दक्षिण कोरियाने आपले उद्योग अशाच संरक्षणाखाली वाढवले. पण तिथे स्वस्त कर्ज निर्यातीच्या कामगिरीशी जोडलेले होते, त्यामुळे परक्या बाजारात माल खपवून दाखवण्यावाचून कारखानदारांना गत्यंतर नव्हते.

अशी अट नसली की बोजा ग्राहकावर पडतो. अमेरिकेने 2018 मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावले, तेव्हा त्यांच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर शुल्क नव्हते, तरीही तेही जवळपास तेवढेच महागले, कारण ही यंत्रे बहुधा जोडीने घेतली जातात आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. रोजगार वाढला हे खरे. मात्र अर्थतज्ज्ञांच्या हिशेबानुसार त्यातील प्रत्येक नोकरी ग्राहकांना वर्षाला सुमारे 8 लाख डॉलरना पडली. एवढ्या पैशात बेकार कामगारांना थेट वेतनसाहाय्य आणि नवे प्रशिक्षण देणे कितीतरी सोपे झाले असते. पोलादासारख्या कच्च्या मालावरील शुल्क तर ते वापरणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांच्याच मुळावर येते.

शिवाय एकदा लागलेले शुल्क सहसा हटत नाही. पश्चिम युरोपने अमेरिकी कोंबडीच्या मांसावर कर लावला म्हणून अमेरिकेने 1964 पासून हलक्या ट्रकवर 25 टक्के शुल्क बसवले. कोंबडीचा वाद कधीच मागे पडला, शुल्क मात्र अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिले. ज्यांना त्याचा लाभ होतो ते संघटित असतात आणि किंमत मोजणारे विखुरलेले.

म्हणून शुल्कवाढीच्या प्रत्येक आदेशातच समाप्तीची तारीख असावी, मुदतवाढ मागणाऱ्या उद्योगाने उत्पादकता वाढल्याचा पुरावा द्यावा आणि त्या शुल्कामुळे कोणाचा खर्च किती वाढणार याचा हिशेब आदेशासोबतच प्रसिद्ध व्हावा.

आपला विश्वासू,
एक वाचक