बमरौलीच्या फोटोतली विमानं ओळखून देणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. ओझरच्या विमान कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक निवृत्त गृहस्थ, एवढी ओळख वाचणाऱ्यांना पुरे. मानधनाचा विषय काढला तेव्हा तुम्ही फोनच ठेवून दिलात. मग आभार तरी चारचौघांत मानू द्या.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. माझे पणजोबा रेल्वेत नोकरीला होते आणि त्या काळी बदलीवर अलाहाबादला राहत होते. आजीच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा एक फोटो निघाला. मागे मोडीत तीनच गोष्टी लिहिलेल्या: बमरौली (म्हणजे अलाहाबादचा विमानतळ), विमानांची शर्यत, सन १९३४. पुढच्या बाजूला एक काळंभोर, निमुळतं, दोन इंजिनांचं विमान. त्याच्या मागे थोड्या अंतरावर दुसरं, थोराड दिसणारं. डाव्या कडेला तिसऱ्या विमानाच्या पंखाचं फक्त टोक. काठीवर झेंडा, टोपीवाले साहेब, पगडीवाले शिपाई, आणि इंजिनापाशी घोडीवर, म्हणजे उंच स्टँडवर, चढलेली दोन माणसं. आमच्या घरात कुणालाच यातलं काही सांगता येत नव्हतं. आजी मात्र शेवटपर्यंत एक वाक्य म्हणायची, "आमच्या अण्णांनी विमान चालवणारी बाई पाहिली होती." ती तेव्हा आठ वर्षांची. लहानपणीच्या ऐकीव गोष्टीला पुढे पानंफुलं फुटतात, असं म्हणून सगळे ते वाक्य प्रेमाने बाजूला ठेवत.

फोटो तुमच्याकडे पोचला तेव्हा तुम्ही विमानांविषयी अवाक्षर न काढता आधी स्कॅन कसा हवा ते सांगितलंत. मोबाइलवर काढलेला नको, सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला, मागची बाजूसुद्धा, आणि कडा कापायच्या नाहीत. माझ्या मुलाने एका अ‍ॅपमधून "स्वच्छ" केलेली प्रतही सोबत जोडली होती. तिच्यात विमानाच्या अंगावरची अक्षरं कशी ठसठशीत दिसत होती! तुम्ही ती प्रत उघडून पाहिलीत आणि म्हणालात, "ही अक्षरं फोटोत नाहीत, अ‍ॅपने घातली आहेत. मूळ धूसर असेल तर धूसरच बघायचं." ज्यांच्या घरी असे जुने फोटो आहेत त्या प्रत्येकाने हे एक वाक्य लिहून ठेवावं, असं मला वाटतं.

शर्यत कोणती याचा उलगडा तुम्ही लगेच केलात. मेलबर्न शहराच्या शताब्दीनिमित्त तिथले मिठाई आणि चॉकलेटचे कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी बक्षीस लावलेली इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यत. २० ऑक्टोबर १९३४ च्या पहाटे इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलहून २० विमानं निघाली. अंतर सुमारे १८,००० किलोमीटर. वाटेत पाच ठिकाणी उतरणं सक्तीचं: बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल. म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानात ज्या एका विमानतळावर प्रत्येक स्पर्धकाला उतरावंच लागणार होतं, तो अलाहाबादचा बमरौली. माझ्या पणजोबांचं घर त्याच गावात असावं, हा योग मला अजून नवलाचा वाटतो.

पुढचं काळं विमान डी हॅविलंड कंपनीचं डीएच ८८ कॉमेट आहे, हे तुम्ही कसं ओळखलंत ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. वैमानिकांची जागा पंखांच्याही मागे, जवळजवळ शेपटीकडे सरकलेली, कारण पुढचं सगळं नाक पेट्रोलच्या टाक्यांनी भरलेलं. दोघे एकामागे एक बसायचे. नाकाच्या टोकाला उतरताना लागणारा दिवा. इंजिनं अरुंद, कारण त्या गिप्सी सिक्स इंजिनाचे सहा सिलिंडर एका ओळीत. आणि तुमचा सगळ्यात आवडता तपशील, प्रोपेलरच्या मध्यावरची छोटी तबकडी. उड्डाणाआधी सायकलच्या पंपाने प्रोपेलरच्या आत हवा भरायची. वेग वाढला की समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दाबाने ती तबकडी आत ढकलली जायची, हवा सुटायची आणि पात्यांचा कोन बदलायचा. एकदा बदलला की खाली उतरेपर्यंत परत फिरवता यायचा नाही. हे समजावताना तुमचा आवाज असा खुलला होता, जणू ते विमान काल तुमच्याच शेडमध्ये उभं होतं. लाकडी बांधणीचं हे विमान केवळ शर्यतीसाठी, काही महिन्यांत तयार केलेलं. शर्यतीला अशी तीनच निघाली होती, एक लाल, एक काळं आणि एक हिरवं.

खरा पेच इथे होता. लालवालं, म्हणजे ‘ग्रॉव्हनर हाउस’, शर्यत जिंकलं. त्याचे वैमानिक स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक सुमारे ७१ तासांत मेलबर्नला पोचले. काळं ‘ब्लॅक मॅजिक’ जिम मॉलिसन आणि त्यांची पत्नी एमी जॉन्सन यांचं. दोन्ही अलाहाबादला उतरलेली. फोटोतलं विमान काळं दिसतं, तेव्हा ते काळंच असणार, असं मला वाटणं साहजिक होतं. तुम्ही म्हणालात, "थांब. आधी झेंडा बघ."

झेंडा युनियन जॅक. त्याचा निळा भाग फोटोत फिका राखाडी आलेला आणि तांबडे पट्टे जवळजवळ काळे. त्यावरून तुम्ही सांगितलंत की फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे निळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्याला आंधळी. अशा फिल्मवर लाल विमानसुद्धा काळंच उमटणार. नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही.

मग विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं. जी, ए, सी, एस इथवर लागतात आणि शेवटच्या अक्षरापुढे नेमका एक शिपाई उभा आहे. लाल विमानाचं शेवटचं अक्षर एस, काळ्याचं पी, हिरव्याचं आर. शेपटी चौकटीबाहेर, त्यामुळे शर्यतीचा क्रमांकही नाही. मी हताश झाले होते. तुम्ही मात्र विचारलंत, "अक्षरं पांढरी दिसतात की मळकट?" मळकट. लाल विमानावरची अक्षरं पांढरी होती, ती अशा फिल्मवर लख्ख आली असती. काळ्यावरची सोनेरी, आणि पिवळ्याकडे झुकणारा रंग ही फिल्म दाबून टाकते. हिरव्या विमानावरही पांढरीच होती, शिवाय त्याचं अंग इतकं काळं पडलं नसतं. शेवटी तुम्ही घोडीवरच्या त्या दोन माणसांकडे वळलात. इंजिनावरची झाकणं उतरवलेली आहेत, जवळ हत्यारांची पेटी आहे, कुणालाही घाई दिसत नाही. स्कॉट आणि ब्लॅक तर पेट्रोल भरून लगेच पुढे गेले. ज्या कॉमेटचं इंजिन उघडून निवांत बघायला वेळ होता, ते एकच.

एवढं जमल्यावर तुम्ही म्हणालात, "आता माझी खात्री आहे. ब्लॅक मॅजिक." त्याआधी एकदाही "बहुतेक" म्हणून मला खूश केलं नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

त्या विमानाची पुढची हकीकत मी तुमच्याकडूनच ऐकली. मॉलिसन दांपत्य बगदादला सगळ्यांच्या आधी पोचलं, कराचीपर्यंत विक्रमी वेळेत आलं. तिथून अलाहाबादकडे येताना वाट चुकली आणि उतरावं लागलं ते जबलपूरला. शर्यतीसाठी खास केलेल्या त्या इंजिनांना वरच्या दर्जाचं पेट्रोल लागे. जबलपूरला मिळालं ते बसगाड्यांचं. तेच भरून ते निघाले आणि तीनशेहून थोड्या अधिक किलोमीटरच्या त्या टप्प्यात इंजिनाने दगा दिला. कसंबसं अलाहाबाद गाठलं आणि शर्यत तिथेच संपली. इकडे स्कॉट आणि ब्लॅक बगदादहून न थांबता अलाहाबादला उतरले, तेव्हा मॉलिसन अजून आलेच नाहीत, आपण पहिले आहोत, हे त्यांना तिथे कळलं होतं. म्हणजे शर्यतीचा निकाल ज्या माळावर फिरला, त्या माळावर माझे पणजोबा कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्यामागे उभे होते.

आणि एमी जॉन्सन तिथे होती! आजी म्हणायची तीच विमान चालवणारी बाई. १९३० मध्ये एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान नेणारी पहिली स्त्री. त्या खेपेलाही ती अलाहाबादेवरून गेली होती, आणि त्याआधी पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरली होती. तुम्ही अर्थातच मला सावध केलंत की फोटोत ती कुठेही दिसत नाही, आणि फोटोवरून पणजोबांनी तिला पाहिलं हे सिद्ध होत नाही. मान्य आहे. पण ज्या विमानाजवळ ते गेले ते तिचं होतं, ती त्या दिवसांत त्या गावात होती, आणि आजीचं वाक्य आता कुणी हसून बाजूला ठेवत नाही. माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा ती बराच वेळ आजीविषयीच बोलत राहिली. काका, मी आभार मानते ते मुख्यतः यासाठी.

मागच्या विमानाची ओळख तुम्ही तुलनेने झटकन लावलीत, पण तीही ऐकण्यासारखी. तीन इंजिनं, एक नाकावर आणि एकेक दोन्ही पंखांवर. त्या काळी अलाहाबादेवरून जाणारी केएलएम या डच विमान कंपनीची नेहमीची फॉकर विमानंही तीन इंजिनांची, पण त्यांचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला. याचे खाली. खाली पंख असलेलं तीन इंजिनांचं युंकर्सही होतं, मात्र त्याचा पत्रा पन्हळी आणि चाकं कायम बाहेर. याचं अंग गुळगुळीत आणि चाकं आत घेता येणारी. उरलं एकच, हॉलंडचं पांडर एस-४. टपाल जलद नेण्यासाठी बनवलेलं. अलाहाबादला उतरताना त्याच्या चाकांना इजा झाली, दुरुस्तीत दिवस गेले, आणि २६ ऑक्टोबरला अंधारात उड्डाण घेताना सर्चलाइट लावलेल्या गाडीला धडकून ते जळून खाक झालं. वैमानिक आणि साथीदार थोडक्यात वाचले. आपल्या फोटोत ते अखंड उभं आहे. त्यावरून फोटोची तारीखही ठरली: ब्लॅक मॅजिक आल्यानंतर आणि पांडर जळण्याआधी, ते मोजके चार-पाच दिवस. मोडीत लिहिलेल्या "सन १९३४" पासून तुम्ही आम्हाला एका आठवड्याच्या आत आणून सोडलंत.

कडेच्या पंखाच्या टोकाबद्दल मी पुन्हा पुन्हा विचारत होते. ते केएलएमचं डीसी-२ असावं अशी माझी फार इच्छा होती, कारण ते प्रवासी आणि टपाल घेऊन शर्यतीत दुसरं आलं, आणि ऑस्ट्रेलियात रात्री वादळात सापडल्यावर ऑल्बरी गावच्या लोकांनी मोटारींचे दिवे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर रोखून त्याला खाली उतरवलं, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. पण नुसत्या टोकावरून काही म्हणायला तुम्ही साफ नकार दिलात. मी फोटोच्या मागे तिथे काहीही लिहिलेलं नाही.

ब्लॅक मॅजिक पुढे पोर्तुगालला विकलं गेलं, अनेक वर्षं तिथे विसरलेल्या अवस्थेत पडलं, आणि मग इंग्लंडला परत आणून त्याच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं, हे कळल्यावर मी फोटोची चांगली प्रत काढून घेतली आहे. इंजिनाची झाकणं उतरवलेल्या स्थितीत ते अलाहाबादला उभं असल्याचा हा फोटो त्या मंडळींच्या कामी येईल, असं तुम्हाला वाटत असेल तर कळवा. पत्र इंग्रजीत लिहावं लागेल. मी खर्डा करते, तांत्रिक शब्द तुम्ही तपासून द्या. लाल ‘ग्रॉव्हनर हाउस’ ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात आहे. माझी भाची बेडफर्डजवळ राहते, तिला तिथे जाऊन प्रोपेलरच्या तबकडीचा जवळून फोटो काढायला सांगितलं आहे. तो आला की तुमच्याकडे पहिला पाठवेन.

मोठ्या आकाराची एक छपाई आजच कुरिअरने तुमच्या पत्त्यावर निघाली आहे. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवला आहे, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाकिटावर पेन्सिलने लिहिलं आहे: कॉमेट जी-एसीएसपी ‘ब्लॅक मॅजिक’, मागे पांडर एस-४, बमरौली, ऑक्टोबर १९३४, २६ तारखेपूर्वी. पेटीत अजून एक फोटो आहे, त्यात नुसती गर्दी आणि एक बंद शेड दिसते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर सवडीने पाहाल का? घाई अजिबात नाही. काकूंना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
अण्णांची पणती