गुडघ्याची गोळी, हृदयाची गोळी आणि सालईचा डिंक

ट्यूबिंगेन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

पत्र पोहोचले. गुडघ्यांसाठीची डायक्लोफेनॅकची गोळी बंद करून झाडपाल्याच्या औषधांकडे वळण्याचा तुमचा विचार मला मुळीच वावगा वाटत नाही. उलट, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्या माणसाने ती परस्पर दुकानातून आणून वर्षानुवर्षे घ्यावी हेच मला खटकत होते, कारण तिने हृदयविकाराचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवरही ताण पडतो. मात्र त्याच भरात ‘सगळ्याच इंग्रजी गोळ्या’ सोडण्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यात हृदयासाठीच्या ७५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनला कृपा करून ओढू नका.

इथल्या औषधदुकानांत विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातील झाडाच्या, सालीच्या गोळ्या सहज मिळतात आणि त्या पाठवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. १८२८ साली म्युनिकमध्ये औषधशास्त्रज्ञ बुखनर यांनी याच सालीतून सॅलिसिन हे वेदना कमी करणारे द्रव्य वेगळे काढले. पुढे १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच्याशी नाते असलेल्या सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिल गट जोडून ॲस्पिरिन तयार केले. रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत यासाठी लागणारा तो ॲसिटिल गट सालीत नसतो. त्यामुळे सालीने कंबरदुखीला थोडा उतार पडू शकतो, पण स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे काही ती टाळणार नाही. शिवाय ॲस्पिरिन चालू असताना तिची भर नको, म्हणून मी त्या पाठवत नाही.

सालईचे मात्र वेगळे आहे. मेळघाटातल्या ज्या झाडाचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो, त्यावर याच गावच्या विद्यापीठात औषधशास्त्रज्ञ अम्मोन यांनी पुष्कळ संशोधन केले, याचे मला इथे आल्यावर मोठे नवल वाटले. डायक्लोफेनॅक ज्या वाटेने सूज उतरवते, त्याच वाटेवर जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही अडतात. सालईतील बॉस्वेलिक आम्ले मुख्यतः दुसऱ्या, ल्युकोट्रिन या सूज आणणाऱ्या द्रव्यांच्या वाटेवर काम करतात. गुडघ्यांच्या संधिवातावर झालेल्या चाचण्या लहान असल्या, तरी त्यांत काही आठवड्यांनी वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. सालई स्निग्ध जेवणाबरोबर अंगी अधिक लागते, परंतु धुपाचा डिंक खाऊ नये. प्रमाणित अर्काची गोळीच घ्यावी.

हळद भाजीत आहे तेवढी पुरे. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या तिच्या कॅप्सूल आणू नका, कारण २०१९ साली इटलीत हळदीची पूरके घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद झाली आहे.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या आणि सालई सुरू करू का, असे स्पष्ट विचारा. तोवर फारच दुखले तर डायक्लोफेनॅकचे मलम चालेल का, हेही विचारून घ्या, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते.

आईस नमस्कार.

तुमची,
वैशाली