भिशी तिची, नाणं माझं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत नाणी जमवणाऱ्यांवर लेख आला होता, छंदापायी कुणी काय काय सोडलं असा. कात्रण ठेवलंय मी. त्यात एकानं चहा सोडलेला, एकानं गाडी घ्यायची दहा वर्ष ढकलली, एकजण म्हणे वीस वर्षांत कुठं फिरायलाच गेला नाही. सगळे बाप्ये, आणि प्रत्येकानं फक्त स्वतः काय सोडलं तेवढंच सांगितलेलं. माझं वाचून झाल्यावर बायकोनं पेपर घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "ह्यांच्या बायकांना कुणी फोन केला न्हाई वाटतं." एवढंच. मी गप्प बसलो पण ते वाक्य काय डोक्यातनं जाईना म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी विट्याचा. एसटीत कंडक्टर होतो, २०१६ ला रिटायर झालो. नाण्यांचा नाद लागला तो ड्युटीवरच, कारण दिवसभर चिल्लर हातातनं जायची. तारखेखाली हिरा असला की मुंबईची टांकसाळ, चांदणी असली की हैदराबाद, ठिपका असला की नोएडा आणि काहीच नसलं तर कलकत्ता, हे एकदा कळलं की मग साधं चार आण्याचं नाणंसुद्धा माणूस उलटंसुलटं करून बघायला लागतो. एशियाडचा १९८२ चा दोन रुपया, कमळाचे पिवळे वीस पैसे, बॅगेत आले की मी खिशातले तेवढेच पैसे टाकून ते काढून घ्यायचो. ह्यात पण भानगड असायची, खाजगी पैसे किती आहेत ते ड्युटीवर चढताना लिहून द्यावं लागतं आणि मधेच चेकिंग आलं तर पै न पैचा हिशोब जुळला पाहिजे, त्यामुळं रुपयाला रुपया, जास्तकमी काही चालत नाही. तिथपर्यंत छंद स्वस्तातला होता, घरातलं कुणी काही बोलत नव्हतं.

खरा खर्च चांदीच्या रुपयांनी सुरू झाला. आमच्या भागाची गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव इकडची माणसं गलाईच्या धंद्यात सगळ्या देशभर पसरलीत. सोनंचांदी वितळवून शुद्ध करायची, पार केरळपासून आसामपर्यंत आमच्याकडच्यांच्या भट्ट्या आहेत. पाऊस नाही, शेती नाही, मग पोरं मिसरूड फुटायच्या आत मुशीपुढं जाऊन बसली. माझा चुलता पण गलाईवाला. तो सुट्टीला आला की मी विचारायचो, नाना, राणीछाप रुपये येतात का हो भट्टीत? तो म्हणायचा, "येत्यात की, पोत्यानं येत्यात." जुना रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यातली जवळजवळ ९२ टक्के चांदी, एका किलोत अशी साधारण ८६ नाणी बसतात. नानाला त्याचं वजन दिसायचं, मला तारीख दिसायची. आमची त्यावरनं भांडणं व्हायची. नाना एकदा म्हणाला, मी वितळवतो म्हणूनच तुझ्याकडं आहे त्याला किंमत येती. हे मला आजपर्यंत खोडून काढता आलेलं नाही. सरकारनंच काय कमी केलंय, १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ओरड झाली आणि सरकारनं बहुतेक सगळे रुपये वितळवून टाकले, आज तो डुक्कर छाप म्हणून लोक शोधत फिरतात.

आता मुद्द्यावर येतो. २००३ ची दिवाळी. मी खानापूरकडच्या एका खेड्यात मुक्कामी गाडीला होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावात कंडक्टर-ड्रायव्हर उपाशी झोपू नयेत म्हणून कुणी ना कुणी बोलवतंच, त्या दिवशी एका म्हातारीनं बोलवलं. ताटात पूजेला सात-आठ रुपये मांडलेले, रांगोळीनं घासून घासून चकचकीत. हात जोडून झाल्यावर मी सवयीनं तारखा वाचायला लागलो. एक व्हिक्टोरियाचा १८६२ चा, तो काय फार विशेष नाही कारण पुढची दहा-बारा वर्ष सरकार तीच तारीख छापत राहिलं. एक १९०७ चा, दोन १९१८ चे. आणि शेवटचा जॉर्ज सहावा, त्याच्यावर १९३९.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा हा सगळ्यात दुर्मिळ. १९४० पासून रुपयातली चांदी निम्मी केली, आणि पुढं १९४७ ला तर निव्वळ निकेल. म्हणजे जुन्या भरघोस चांदीचा हा शेवटचा, आणि बाजारात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तारीख कोरून बदललेले खोटे मात्र भरपूर फिरतात. मी लाडू तोंडात धरून तसाच बसलो होतो, ड्रायव्हरला वाटलं ठसका लागला.

रात्रभर गाडीतल्या मागच्या सीटवर झोप नाही. माझ्याकडं घरी १९१८ चे चार-पाच रुपये पडलेले. मावशी, हा मला द्या, त्याच्या बदल्यात दुसरा आणून देतो आणि वर पाचशे देतो असं म्हटलं असतं तर म्हातारीनं दिला असता, आणि वर चिवडा बांधून दिला असता. आमच्या नाण्यांच्या लायनीत असं करणारे आहेत आणि ते रंगवून सांगणारे पण आहेत, कसा गंडवला म्हणून. मी करणार नव्हतो असं काही नाही, पहाटे चारपर्यंत मी करणारच होतो. सकाळी साडेपाचला पहिली गाडी, म्हातारी गाडीपर्यंत डबा घेऊन आली आणि तो डबा बघून माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मावशी, तो एक रुपया कुणाला देऊ नका, त्याला लई किंमत आहे."

पुढं दोन आठवड्यांनी मी सांगलीतल्या एका जाणत्याला विचारून, परत जाऊन, रुपया काट्यावर घालून, भिंगाखाली तारीख बघून खात्री केली. भाव अठरा हजार ठरला. म्हातारीचा पोरगा पण गलाईतच, सुट्टीला आला होता, त्याला खरंच वाटेना, कारण त्याच्या हिशोबानं त्यात शंभराच्या आतली चांदी. मी म्हटलं पंधरा दिवसांत पैसे आणतो. माझा पगार तेव्हा सहा हजाराच्या आसपास. आठ हजार पतसंस्थेतनं काढले. उरलेले दहा हजार म्हणजे बायकोची भिशी.

ती फॉल-पिको करायची, वीस बायकांची पाचशेची भिशी होती, तिचा नंबर त्या महिन्यात लागला होता आणि त्या पैशाचं काय करायचं ते वर्षभर आधी ठरलेलं. घराच्या मागं न्हाणी बांधायची. तोवर आमच्याकडं परड्यात पत्र्याचा आडोसा होता, वरनं उघडा, दाराला गोणपाट. पोरगी आठवीत गेलेली. तिला उजाडायच्या आत उठून अंघोळ उरकावी लागायची, शेजारच्यांची माडी झालेली म्हणून.

मी बायकोला म्हटलं उसने दे, चार महिन्यांत परत करतो. सगळी हकीकत पण सांगितली, म्हातारी, डबा, सगळं. मला वाटलं म्हातारीला फसवलं नाही ह्याचं तिला कौतुक वाटेल. तिनं ट्रंकेतनं पैसे काढून दिले आणि म्हणाली, "म्हातारीला फसवलं न्हाई ते बरंच केलं. पण खरं बोलायचं तर आपल्या पैशानं बोलावं माणसानं, माझी भिशी कशाला?"

चार महिन्यांचे अडीच वर्ष झाले. पतसंस्थेचा हप्ता, सासऱ्यांचं ऑपरेशन, मग त्या दुष्काळात बोअर आटली, एकामागं एक. न्हाणी २००६ च्या उन्हाळ्यात झाली, पोरगी तेव्हा दहावी देऊन सुट्टीला मामाकडं गेलेली. म्हणजे शाळेची सगळी वर्ष तिची त्या गोणपाटामागंच गेली. मी काय सोडलं म्हणाल तर तंबाखू सोडली, ती पण सहा महिनेच. आणि लेखात आलेल्या त्या मंडळींसारखा मी सुद्धा दहा-बारा वर्ष लोकांना हेच सांगत होतो, तंबाखू सोडून नाणं घेतलं. ऐकायला बरं वाटतं ते.

आमच्या ग्रुपातले बाकीचे पण काही वेगळे नाहीत. साताऱ्यात एक मित्र आहे, मास्तर, फक्त शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, जमवतो. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति, पण टांकसाळी बऱ्याच आणि अक्षर कोरणारे हात त्याहून जास्त, त्यामुळं कुठं शिव, कुठं शीव, कुठं पति, कुठं पती, अशा नाना तऱ्हा, त्या सगळ्या ह्याला पाहिजेत. हा माणूस सख्ख्या भावाच्या हळदीला पोचला नाही कारण त्या दिवशी भंगारवाल्याचा फोन आला की तांब्याच्या मोडीत काहीतरी अक्षराचे पैसे आलेत, संध्याकाळी गाडी भरणार. गेला, अकरा शिवराया वाचवल्या. भाऊ सहा वर्ष बोलत नाही. आम्ही चेष्टेनं म्हणतो अकरा शिवरायांत एक भाऊ गेला, तो हसतो, पण भावाच्या घरावरनं जायचं असलं की गाडी दुसऱ्या गल्लीतनं घालतो हे मी बघितलंय.

पुण्याचं केळकर संग्रहालय बघायला मी आमच्या हिला घेऊन गेलो होतो एकदा. दिनकर केळकरांनी अख्खं आयुष्य घालून दिवे, अडकित्ते, वाद्यं, भांडी जमवली आणि नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजा. त्यात त्यांच्या पत्नी कमलाबाईंचा वाटा मोठा होता. ही तिथं सगळ्या दिव्यांपुढनं भराभरा गेली आणि कमलाबाईंचं नाव आलं तिथं मात्र थांबली. म्हणाली, ह्यांनी किती भिश्या घातल्या असतील. मला हसू आलं, तिला आलं नव्हतं.

तर माझी एक विनंती आहे, पुढच्या वेळी असा लेख कराल तर घरच्यांना पण विचारा. आणि ते "जुनं नाणं द्या, लाखो मिळवा" वाले मेसेज फिरतात त्याबद्दल पण दोन ओळी छापा. वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं दहा लाखाला वगैरे काही नसतं, आधी रजिस्ट्रेशनचे म्हणून पैसे मागतात आणि गायब होतात, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही. तसंच कंपनी सरकारचं १८१८ चं राम-सीतेचं नाणं, तसलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही, मी स्वतः बाराशे रुपये घालून शिकलोय (हे घरात अजून माहीत नाही, म्हणजे आता होईल). आणि शेतात हंडा सापडला तर गुपचूप मोडीत घालू नका, १८७८ चा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. आता चांदी लाखाच्या पुढं गेल्यापासून तर देव्हाऱ्यातले रुपये पण लोक काट्यावर घालायला लागलेत, निदान घालायच्या आधी तारीख वाचायला कुणाला तरी दाखवा, आणि कृपा करून रांगोळीनं घासू नका, चिंचेनं तर अजिबातच नको, चकाकतं पण किंमत निम्मी होते.

त्या १९३९ चं काय झालं विचाराल, तर आहे घरातच. भाव आता तेव्हाच्या कितीतरी पट सांगतात. लोक म्हणतात फायदाच झाला की राव. पोरगी आता बारामतीत असते, मागं आली तेव्हा मी तिला म्हटलं हा विकून तुझ्या फ्लॅटला हातभार लावू का. ती म्हणाली, नको, आईला विचारा. आईला विचारलं. आई म्हणाली माझ्या नावावर करा, मग बघते. मी नाण्यांची वही ठेवतो, प्रत्येकापुढं कुठं मिळालं, कितीला, वजन किती असं लिहिलेलं, त्यात त्या रुपयापुढं मालक म्हणून तिचं नाव घातलं, तारीख टाकून सही केली. मला वाटलं ती देणार चुलत्याच्या पोराला, टाकणार मुशीत.

तसं काही केलं नाही. दिवाळीला तिनं तो प्लॅस्टिकच्या पाकिटातनं बाहेर काढला, ताटात मधोमध ठेवला आणि वर पाणी शिंपडून चांगलं दोन बोटं हळदकुंकू वाहिलं. मी आ वासून बघत होतो. एकही डाग पडू नये म्हणून वीस वर्ष मी त्याला उघड्या हातानं शिवलो नव्हतो. राजाच्या कानाजवळ अजून कुंकू बसलंय. मी पुसायला घेतलं होतं, वहीत बघा म्हणाली कुणाचं नाव आहे.

आपला,
एक वाचक, विटा, जि. सांगली