रिळं उलटी लागली तरी चालणारे पिक्चर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुखवटेवाल्या खुन्यांच्या इंग्रजी पिक्चरवरचा लेख वाचला. बारा-तेरा भाग झाल्यावर अशा मालिकेत राम उरत नाही, आता हे दुकान बंद करावं, असं लेखकाचं म्हणणं दिसलं. आधी त्यातली एक चूक सांगतो. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पहिल्या भागात (१९८०) हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन खून करतो, असं छापलं आहे. पहिल्या भागात खून करते ती त्याची आई. जेसन स्वतः हत्यार धरतो दुसऱ्या भागात, आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर नुसती कापडी पिशवी असते. तो मुखवटा आला तिसऱ्या भागात, १९८२ साली. म्हणजे ज्या गोष्टीमुळे आज जग त्याला ओळखतं, ती गोष्ट मालिकेला तिसऱ्या खेपेला सापडली. दुकान दुसऱ्या भागानंतर बंद केलं असतं तर तीही गेली असती.

मी अमळनेरचा. वय ६८. एकतीस वर्षं सिनेमाच्या यंत्रावर ऑपरेटर होतो; आधी बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेला लागणाऱ्या तंबूत, मग एका पक्क्या टॉकीजमध्ये. ऑपरेटर पिक्चर बघत नाही, असं माझं मत आहे. तो यंत्रात उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या कांड्या बघतो, कारण दोन कांड्यांतलं अंतर वाढलं की पडद्यावर पिवळट झाक येते आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. उरलेल्या वेळात तो झरोक्यातून पब्लिकची डोकी बघतो. भुताच्या पिक्चरला ही डोकी काय करतात, ते मी हजारो खेळ बघितलंय. मान खाली गेली की समजायचं, काम झालं. मान शेजाऱ्याकडे वळली आणि शेंगदाण्याची पुडी फिरायला लागली, की त्या पिक्चरमधलं भूत मेलं.

एक प्रसंग सांगतो. भुताचे हिंदी पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंची चलती होती, त्यांच्या नकला निघत होत्या, त्या काळातला. भुसावळच्या डिस्ट्रिब्युटरकडून सुरत पॅसेंजरने रिळांची पेटी आली. अशाच एका नकलेचा हा दुसरा भाग. पावसाळा होता, डब्यांवरचे आकडे धुऊन निघालेले. रिळं गुंडाळणाऱ्या पोराने अंदाजाने लावली आणि मीही तपासली नाहीत, ती चूक माझीच. सातवं रीळ सहाव्याच्या आधी लागलं. सातव्यात एका मुलीच्या मढ्याभोवती सगळे रडताहेत, आणि मग सहावं सुरू झालं तर तीच मुलगी गाणं म्हणत अंघोळ करतेय! मला वर घाम फुटला. आता खुर्च्या मोडतात, म्हटलं. तर पुढच्या स्वस्त थर्ड क्लासमधून अहिराणीत एक आवाज आला, "भूत व्हईसन उनी रे!" म्हणजे भूत होऊन आली रे! आणि टॉकीजभर हशा. पुढे त्याच मुलीला पुन्हा मारलं, तेही त्यांनी गोड मानून घेतलं. इंटरव्हलला मालकाला खरं सांगितलं. तो म्हणाला, कोणी तक्रार केली का? नाही ना? राहू दे तसंच. गुरुवारपर्यंत तो पिक्चर तसाच चालला.

तेव्हापासून माझं माप हेच. रिळं उलटीसुलटी लावून पब्लिकला कळलं नाही, तर मालिका शिळी झाली. भाग तिसरा आहे की तेरावा, याला मी विचारत नाही.

ह्या मापाने 'हॅलोविन' (१९७८) बघा. मी तो व्हिडिओ पार्लरच्या काळात, सतरा माणसांच्या खोलीत, रंग उडालेल्या कॅसेटवर पाहिला. जॉन कार्पेंटरने तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये केलेला पिक्चर. त्यातला खुनी मायकेल मायर्स, त्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा. पांढरा रंगवला, डोळ्यांची भोकं मोठी केली. शूटिंग कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि गोष्ट पानगळीची. म्हणून पानं रंगवायची, रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या गल्लीत न्यायची. रक्त जवळपास नाहीच. संगीत कार्पेंटरचं स्वतःचं, पाच मात्रांचं. आमच्यासारख्यांचा पाय भजनी ठेक्याला सरावलेला. तिथे पाय टेकवायला जातो तेवढ्यात मात्रा संपलेली असते. भीती तिथे आहे, सुरीत नाही. या पिक्चरचं एक रीळ हलवून बघा. नाही हलवता येत. गोष्टीतली मुख्य पोरगी खिडकीतून बघते तेव्हा मायकेल कपडे वाळत घातलेल्या दोरीपाशी उभा असतो आणि पुन्हा बघते तर नसतो, हे आधी लागल्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते मायकेल कोण, याचा खुलासा करायला लागले तिथे. १९८१च्या दुसऱ्या भागात कळलं की ती पोरगी त्याची सख्खी बहीण. १९९५पर्यंत त्याच्यामागे कसलासा पंथ आणि शापही येऊन बसला. अहो, ज्याची सोयरीक कळली त्याची कसली भीती? आमच्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न गाव कोणतं, आणि दुसरा, अमक्याचे तुम्ही कोण. दोन उत्तरं मिळाली की माणूस घरचा झाला. मायकेलचं तेच केलं. २०१८ साली ते सगळं नातं पुसून गोष्ट पहिल्या भागापासून पुन्हा धरली, तेव्हा चाळीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या त्या पोरीला, म्हणजे जेमी ली कर्टिसला, दाराआड बंदूक घेऊन बसलेली बघताना माझी मान खाली गेली होती. नातू साक्षीला आहे.

जेसनच्या मालिकेवर फार लिहीत नाही. चौथ्या भागाचं नावच 'शेवटचा अध्याय' (१९८४), आणि पुढच्याच वर्षी पाचवा हजर. यात मला नवल नाही. 'फक्त शेवटचे चार दिवस' असा कागद पोस्टरवर मीच डकवायचो आणि पिक्चर तीन आठवडे चालायचा. आठव्या भागात (१९८९) जेसन न्यूयॉर्कला जाणार म्हणून जाहिरात, आणि निम्म्याहून जास्त पिक्चर बोटीवर. यात्रेला नेतो सांगून एसटी स्टँडवर बसवून ठेवल्यासारखं. पुढे त्याला अंतराळातही नेलं. जागा बदलली की नवं झालं, असा त्यांचा हिशेब असावा.

साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे पाड्यांवर भवाडा होतो, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवतात. माझी सासुरवाडी त्या बाजूची, म्हणून चार-पाच वेळा रात्र जागवली आहे. संबळ वाजत असतो, एकेक सोंग उजेडात येतं. राक्षसाचा मुखवटा दर साली तोच, त्याच्या कानाचा उडालेला टवकासुद्धा तोच. पोरं मुखवट्याला भितात. जाणती माणसं मात्र त्याच्या पायांकडे बघतात, यंदा आत कोण शिरलंय ते ओळखायला. माझे सासरे टाच बघून नाव सांगायचे. बरोबर निघालं की खूश, आणि चुकलं की त्याहून खूश.

'स्क्रीम'वाल्यांनी नेमकी हीच युक्ती वापरली आहे. १९९६पासून २०२३पर्यंतचे सहा भाग नातवाने मला दिवाळीच्या सुट्टीत दाखवले. मुखवटा तोच, आतला माणूस दर वेळी वेगळा. त्यामुळे आपण सहाव्या भागातही टाचा बघत बसतो. पहिल्या भागाची सुरुवातीची दहा-बारा मिनिटं, चुलीवर पॉपकॉर्न फुलतंय आणि फोन वाजतोय, मी तीनदा बघितली. पोस्टरवर जिचा चेहरा मोठा, ती ड्र्यू बॅरिमोर पहिल्याच रिळात मारून टाकली! आमच्या थर्डवाल्यांनी पैसे परत मागितले असते. पण तिथेही एक रीळ शिळं होत चाललंय, ते शेवटचं. मुखवटा निघतो आणि मग खुनी आपण हे का केलं यावर भाषण देतो. ही भाषणं एका भागातून काढून दुसऱ्याला जोडली, तर मला नाही वाटत कुणाला पत्ता लागेल.

आणि सगळा दोष करणाऱ्यांवरही घालता येत नाही. १९८२ साली 'हॅलोविन'च्या तिसऱ्या भागात मायकेलला बाजूला ठेवून अगदी वेगळी गोष्ट सांगितली, तर पब्लिक चिडलं आणि १९८८ला त्याला परत आणावं लागलं. २०२२च्या भागात दुसऱ्याच एका पोराला बराच वेळ दिला, तर आमच्याच घरात नातू ओरडला, "आबा, मायकेल कुठाय?" मीही त्याच्यासारखाच अस्वस्थ झालो होतो, हे त्याला सांगितलं नाही. नवं काहीतरी करा म्हणून ओरडणारे आम्हीच, आणि नवं केलं की जुना कुठाय म्हणून शिट्ट्या मारणारेही आम्हीच. तात्या विंचू १९९३नंतर वीस वर्षांनी परत आला, तेव्हा तो बोलतो कसा हे ऐकायलाच माणसं गेली होती, मी त्यातला एक.

तेव्हा आपल्या लेखकांना विनंती, पुढच्या वेळी भाग मोजू नका. मधलं एखादं रीळ मनातल्या मनात हलवून बघा आणि मग लिहा. आणि आईची ती दुरुस्ती तेवढी छापा.

येत्या दिवाळीत नातू पुन्हा येतोय, पुढचा भाग लावू म्हणतो. मी हो म्हटलंय. मधल्या अर्ध्या तासाला मी चहा ठेवायला उठणार आहे. परत आल्यावर काय झालं ते त्याला विचारावं लागलं, तर पिक्चर जमला असं समजेन.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
अमळनेर, जि. जळगाव