कॅन्सल झाला तो व्हिसा, नोकरी नाही

शारजा,
शुक्रवार (इथे सुट्टी असते)

ती. आई आणि ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोन चालू असताना मी यांना म्हणाले, "कॅन्सल झालं एकदाचं," आणि तू नेमकं तेवढंच ऐकलंस. वहिनीने सांगितलं, त्या रात्री तू जेवली नाहीस. सकाळी दादाला म्हणालीस म्हणे, पोरीची नोकरी गेली आणि आपल्यापासून लपवतेय. म्हणून फोन न करता लिहितेय. फोनवर तुला दोन वाक्यांत रडू येतं, मग नाना फोन घेऊन ओट्यावर जातात, आणि सांगायचं ते राहूनच जातं. दादा याची प्रिंट काढून देईल. नाना, तुम्ही चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

नोकरी गेलेली नाही. मी सोडली, आणि दुसरी हातात आल्यावरच सोडली. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष मार्चला संपतं आणि एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे शाळा बदलायची तर हीच वेळ. नवी शाळा दुबईत आहे. विज्ञानच शिकवायचं आहे, फक्त आता नववी-दहावीला. पगार थोडा जास्त आहे, बसचा प्रवासही थोडा जास्त आहे.

नाना, तुमची पारोळ्याहून अमळनेरला बदली झाली तेव्हाचं आठवा. आधी कार्यमुक्तीचा आदेश, मग एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, मग नव्या शाळेत रुजू अहवाल. एलपीसी पंचायत समितीत कुणाच्या तरी टेबलावर अडकली आणि तीन महिने पगार नव्हता. आईने दूधवाल्याला काय काय सांगितलं होतं ते मला अजून पाठ आहे. माझंही आत्ता तेच चाललंय. आधी जुन्या शाळेने माझा कामाचा परवाना रद्द करायचा, मग राहण्याचा व्हिसा. त्यालाच इथे सगळे 'कॅन्सल' म्हणतात, आणि तुम्ही त्याला कार्यमुक्ती म्हणाल. मग नव्या शाळेने नवा परवाना काढायचा, माझी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे व्हायचा, बोटांचे ठसे द्यायचे, आणि शेवटी नवं ओळखपत्र हातात यायचं. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागायचा. २०२२ पासून तो बंद झाला, आता ते कार्डच सगळं. त्यामुळे दादाने पासपोर्टचा फोटो बघून "माई, व्हिसा कुठंय?" विचारलं त्यात त्याचं काही चुकलं नाही.

फरक एकच. तुम्ही कार्यमुक्त झालात म्हणून पारोळ्यात राहायला तुम्हाला कोणी हरकत घेतली नसती. इथे राहण्याचा हक्कच नोकरीला बांधलेला आहे. नोकरीची गाठ सुटली की या देशात किती दिवस थांबायचं ते कागदावर छापून येतं. माझ्या कागदावर ६० दिवस आले आहेत. त्यातले १९ गेले. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला ५० दिरहम दंड, पण तिथपर्यंत गोष्ट जाणार नाही. नव्या शाळेने अर्ज टाकलेला आहे. या मधल्या दिवसांत मी बेकायदा नाही, बेकारही नाही. बदलीच्या गावाला निघालेल्या मास्तरांचं सामान ट्रकमध्ये असतं ना, तशी आहे.

आता सहीची गोष्ट. ही नानांसाठी, कारण तुम्हाला हिशोब आवडतो. परवाना रद्द करायच्या कागदावर एक ओळ असते: माझं सगळं येणं मला मिळालं. जुन्या शाळेच्या ऑफिसात तो कागद समोर सरकवला आणि म्हणाले, टीचर, इथे सही करा, सगळे करतात. मी म्हटलं, आधी आकडा दाखवा. इथला कायदा असा: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. माझी सात वर्षं, मूळ पगार ४,००० दिरहम. त्यांनी सातही वर्षं २१ दिवसांनीच धरली होती: १९,६००. मी तिथेच एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मांडलं. पाच वर्षांचे १४,०००, दोन वर्षांचे ८,०००, एकूण २२,०००. समोरचा माणूस कॅल्क्युलेटर काढून तीनदा करून बघत होता, दरवेळी तेच येत होतं. चौथ्या दिवशी दुरुस्त कागद आला, मग सही केली. २,४०० दिरहमसाठी चार दिवस घालवले म्हणून हे जरा कुरकुरले. पण सेवापुस्तकातली एक वेतनवाढ राहिली म्हणून तुम्ही जळगावला जिल्हा परिषदेत किती खेटे घातलेत ते मी लहानपणी पाहिलंय. मला दुसरं काही येतच नाही.

आई, तू विचारलंस, जावयाच्या व्हिसावर का जात नाहीस, तो आहे ना तिथे. जाता येतं. बऱ्याच शिक्षिका तशाच आहेत: राहण्याचा व्हिसा नवऱ्याचा, शाळा फक्त कामाचा परवाना काढते. शाळेलाही ते स्वस्तात पडतं. मग शाळा बदलली तरी राहण्याला धक्का लागत नाही. मान्य. पण २०२० मध्ये यांची कंपनी बंद पडली तेव्हा आपलं काय झालं ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. यांचा व्हिसा गेला, छोटी यांच्याच व्हिसावर होती, तीही लटकली. माझा स्वतःचा होता म्हणून छोटीला माझ्या नावावर घेतलं, आणि यांना दुसरी नोकरी मिळेपर्यंत आम्ही इथे टिकलो. तेव्हा मी ठरवलं की घरात दोन खुंट असू देत. जावई चांगलेच आहेत गं, त्यांच्याबद्दल काही नाही. आत्ताही माझी गडबड संपेपर्यंत छोटीला परत त्यांच्या नावावर घेतलंय.

आता नाना, तुमच्याकडे काम आहे. रागावणार नाही असं आधी कबूल करा.

सात वर्षांपूर्वी माझं फक्त बी.एस्सी.चं प्रमाणपत्र साक्षांकित केलं होतं. आधी महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, आणि इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा. युरोपात वगैरे अपोस्टिल नावाच्या एका शिक्क्यावर भागतं. हा देश त्या करारात नाही, म्हणून ही रांग. नव्या शाळेला आता बी.एड.चंही तसंच हवंय. पुढच्या सत्रापर्यंत त्यांनी मुदत दिलीय. हे सगळे शिक्के आणि स्टिकर मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर बसतात.

आणि नाना, तुम्ही ते लॅमिनेट केलंय.

मला तो दिवस आठवतो. स्टेशनरोडच्या दुकानातून तुम्ही पिशवीत घालून आणलं होतंत, कडा अजून गरम होत्या. "आता दोन पिढ्या पाणी लागणार नाही," म्हणालात. पाणी नाही लागलं, पण शिक्काही लागणार नाही! दादा म्हणतो इस्त्री फिरवली की प्लॅस्टिक सुटतं. कृपा करून त्याला इस्त्रीपासून लांब ठेवा, अक्षरं प्लॅस्टिकबरोबर निघून येतील. दुय्यम प्रतीसाठी मी विद्यापीठाकडे अर्ज केलाय. तुमच्या नावाचं अधिकारपत्र दादाच्या मोबाईलवर पाठवलंय. ते, लॅमिनेट केलेली मूळ प्रत आणि तुमचं आधार घेऊन बांभोरीला जाऊन या. जळगावला जाऊन परत फिरू नका. धरणगाव-पाळधीवरून जाणारी एसटी धरा, गिरणेचा पूल यायच्या आधी विद्यापीठाशी उतरवून देतात. सकाळच्या गाडीने जा, दुपारचं ऊन डोक्यावर घेऊ नका.

तिथे पडताळणीचं पत्रही मागा. त्यावर आणखी एक गंमत झालीय. नव्या शाळेचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदांची धावपळ करणारा माणूस, मला विचारतो, मॅडम, तुमची पदवी एका विद्यापीठाची आणि वेबसाइट दुसऱ्याची कशी? माझ्या पदवीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे. २०१८ ला बहिणाबाईंचं नाव लागलं, म्हणून आता सगळ्या कागदांवर 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. त्यात पदवीवर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. तो बिचारा दोन्हीकडे बोट ठेवून बघत होता. मी म्हटलं, दादा, लग्नानंतर माझं नाव बदललं आणि नंतर विद्यापीठाचंही, आम्ही दोघीही त्याच आहोत. हसला, पण म्हणाला, लिहून आणा. माझ्यासाठी लग्नाचा दाखला आणि राजपत्र आहे. विद्यापीठासाठी त्यांच्याच पत्रात ती ओळ हवी, की दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची. एवढी ओळ मागून घ्या, नाहीतर परत फेरी पडेल. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या नावासाठी मी इथे कागद जमवतेय, याचं मला राहून राहून हसू येतं.

गल्लीतला जो कोणी तुम्हाला सांगत होता की दुबईचं सगळं पैसे भरून पटकन होतं, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. व्हिसाचा खर्च शाळेने करायचा असतो, शिक्षकाकडून घ्यायचा नाही असा इथला कायदाच आहे. या महिन्याचे पैसे मी आधीच पाठवलेत. पुढच्या महिन्याचे आठ-दहा दिवस उशिरा येतील, पहिला पगार मिळेपर्यंत. नानांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवा.

आणि आई, तो प्रश्न. तू फोन ठेवता ठेवता हळूच विचारलंस, "आखाजीले येशी का नही?" अक्षय्य तृतीयेला नाही गं येता येणार. शाळेने मी देशात आहे असं धरून परवाना मागितलाय. तो निघाला की काम पूर्ण होईपर्यंत मी बाहेर पाऊल टाकलं तर तो वाया, आणि सगळं पहिल्यापासून. गावच्या यात्रेपर्यंत कार्ड आलं तरी नव्या शाळेत लगेच रजा मागणं बरं दिसणार नाही. जुलैत सुट्टी लागली की महिनाभर येते. तेव्हा झोका नसेल, रस नसेल, पण खापरावरचे मांडे तू जुलैतही करतेस हे मला माहीत आहे. निंबाला झोका बांधाल तेव्हा वहिनीला म्हणावं, व्हिडिओ काढ, आणि त्यात नुसता झोका नको, तूही दिसली पाहिजेस.

आणि जेवत जा.

तुमची,
माई

ता. क. नाना, छोटीचा नगरपालिकेतला जन्मदाखला तुमच्या हिरव्या फाइलमध्ये आहे. तो अजून लॅमिनेट केला नसेल तर तसाच राहू द्या.